नर्सिंग प्रोसेस आणि क्रिटिकल थिंकिंग

नर्सिंग प्रोसेस म्हणजे पेशंटची काळजी घेताना सिस्टर किंवा ब्रदर ज्या क्रमानं बघतात, विचार करतात आणि काम करतात ती पद्धत. टप्पे पाच आहेत. असेसमेंट म्हणजे माहिती गोळा करणं, नर्सिंग डायग्नोसिस म्हणजे त्या माहितीवरून पेशंटची नेमकी अडचण ठरवणं, मग प्लॅनिंग, मग इम्प्लिमेंटेशन म्हणजे प्रत्यक्ष काम, आणि शेवटी इव्हॅल्युएशन, म्हणजे केलेल्याचा उपयोग झाला का ते परत जाऊन बघणं. पाचवा टप्पा झाला की पुन्हा पहिला सुरू होतो, पेशंट घरी जाईपर्यंत हे चालूच राहतं. क्रिटिकल थिंकिंगला यात वेगळा नंबर नाही, ते पाचही टप्प्यांत मुरलेलं असतं: जे दिसतंय त्याचं दुसरं काही कारण असेल का, आपण काय गृहीत धरून चाललोय, अजून काय विचारायचं राहिलंय.

खरं सांगायचं तर वॉर्डात सगळ्यात जास्त सुटतो तो पाचवा टप्पा. दहा वाजता तापाची गोळी दिली ही नोंद केसपेपरवर सापडते, पण अकरा वाजता ताप किती होता ते बऱ्याचदा सापडत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जे पेशंट हमखास येतात, म्हणजे फवारणीतून विषबाधा झालेले, सर्पदंशाचे, सिकल सेलचे (हा रक्ताचा आनुवंशिक आजार, यात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात), कुपोषित लेकरं, त्यांच्यात तर परत जाऊन बघण्यावरच सगळं अवलंबून असतं, म्हणून या नोंदीत उदाहरणं तिथलीच घेतली आहेत.

थोडा इतिहास

पेशंटकडं काय बघायचं आणि कसं बघायचं हे नर्सला शिकवलंच पाहिजे हा आग्रह फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा, १८५४ ला क्रिमियन युद्धात काम केल्यानंतरचा. ‘नर्सिंग प्रोसेस’ हा शब्दप्रयोग अमेरिकेत लिडिया हॉल यांनी १९५५ मध्ये वापरला, १९६१ मध्ये आयडा जीन ऑर्लँडो यांनी नर्स आणि पेशंट यांच्यातल्या संवादावरून ही कल्पना मांडली, १९६७ मध्ये युरा आणि वॉल्श यांनी चार टप्पे केले. नर्सिंग डायग्नोसिस हा टप्पा १९७३ च्या सुमारास वेगळा झाला, त्याच वर्षी नर्सिंग डायग्नोसिसची यादी करायला अमेरिकेत पहिली परिषद भरली आणि त्यातूनच पुढं नांदा ही संस्था उभी राहिली. आपल्याकडं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि बीएस्सी नर्सिंगच्या अभ्यासक्रमात हे सगळं पहिल्या वर्षापासून असतं. १९४७ चा इंडियन नर्सिंग कौन्सिल कायदा जाऊन त्याजागी २०२३ मध्ये नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशन कायदा आला, पण केअर प्लॅनचे, म्हणजे हे पाच टप्पे लिहायच्या तक्त्याचे, रकाने तेच राहिले, आणि क्लिनिकल पोस्टिंगला आलेल्या पोरी रात्री जागून ते भरतात तेही तसंच.

डॉक्टरांचं निदान आणि नर्सचं निदान

इथं नवीन पोरांचा गोंधळ होतो. डॉक्टर केसपेपरवर आजाराचं नाव लिहितात, नर्सिंग डायग्नोसिस म्हणजे त्या आजारामुळं या माणसाला काय होतंय आणि नर्स त्यावर स्वतः काय करू शकते. सातपुड्यातला, समजा धडगाव किंवा अक्कलकुव्याकडचा सिकल सेलचा पोरगा क्रायसिसमध्ये, म्हणजे अचानक जोराचं दुखणं उठून, आला, तर डॉक्टर लिहितील सिकल सेल क्रायसिस. सिस्टर लिहील: रक्तवाहिन्या अडकल्यामुळं तीव्र वेदना, स्कोअर दहापैकी आठ. पाणी कमी पडण्याचा धोका. दुखणं कशानं सुरू होतं याची घरच्यांना माहिती नाही. तिन्हींसाठी काम वेगळं, तिन्हींचं यश मोजायची पद्धतही वेगळी, म्हणून एकाच ओळीत ‘पेशंटला त्रास’ लिहून भागत नाही.

सिकल सेल भिल, पावरा, गावित, कोकणा या समाजांत आहे, देशपातळीवर त्याचं उच्चाटन मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं. क्रायसिस सुरू व्हायला पाणी कमी पिणं, थंडी, इन्फेक्शन, अतिकष्ट यातलं काहीही पुरतं, आणि उन्हात मजुरी करणाऱ्या माणसाला यातलं निम्मं तर रोजचंच असतं. या पेशंटांबद्दल एक गृहीतक फार नुकसान करतं, ते म्हणजे ओरडत नाही म्हणजे दुखत नाही. लहानपणापासून दुखणं सोसलेला माणूस भिंतीकडं तोंड करून गप्प पडून राहतो, त्याला आकडा विचारावा लागतो, लहान मुलाला चेहऱ्यांची चित्रं दाखवावी लागतात. दुसरं म्हणजे काल पायात होतं ते आज छातीत आलं तर ते ‘तेच दुखणं’ समजून पुढं जायचं नाही. छातीत दुखणं, ताप, आणि पल्स ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन खाली येणं हे एकत्र दिसलं की फुप्फुसात गुंतागुंत होत असण्याची शक्यता असते, ती जिवावर बेतू शकते आणि डॉक्टरांना लगेच कळवायची असते. वेदनेचं जोरदार इंजेक्शन दिलं असेल तर अर्ध्या तासानं स्कोअर परत विचारायचा, शिवाय श्वास मिनिटाला किती आणि पेशंट हाकेला किती पटकन ओ देतो तेही बघायचं, कारण गाढ झोपलाय आणि औषधानं गुंगलाय यातला फरक लांबून कळत नाही.

फवारणीचा पेशंट

कापसाच्या पट्ट्यात पावसाळ्यात फवारणी सुरू झाली की ऑर्गॅनोफॉस्फरस या कीटकनाशकाच्या विषबाधेचे पेशंट येतात, काही फवारताना वाऱ्याच्या तोंडी सापडलेले, काही स्वतः प्यालेले. लक्षणं ठरलेली आहेत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ-फेस, घाम, छातीत घरघर, नाडी मंद. पहिलं काम कपडे काढून साबणपाण्यानं अंग धुणं, केस आणि नखंसुद्धा, आणि ते करताना स्वतःच्या हातात ग्लोव्ह्ज. मग डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणं अॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा.

आता इथून पुढं सिस्टरचं डोकं चालावं लागतं. अॅट्रोपिन पुरेसं झालं का ते छाती मोकळी झाली का, नाडी ८० च्या वर आली का, काख कोरडी पडली का यावरून बघतात, म्हणजे स्टेथो लावणं आणि काखेत हात घालून बघणं हे त्या रात्री वारंवार करायचं काम आहे. नुसत्या बाहुल्यांवर जाऊन चालत नाही. दुसऱ्या दिवशी पेशंट बडबडायला लागतो, चादर ओढतो, सलाईन उपटतो, नातेवाईक म्हणतात विष डोक्यात गेलं, आणि कुणीतरी हात बांधायला पट्टी घेऊन येतं. बांधायच्या आधी विचार करायचा: अंग गरम आणि कोरडं आहे, पोटात आतड्यांचा आवाज नाही, नाडी १४० आहे, तर हे अॅट्रोपिन जास्त झाल्याचं असू शकतं. ऑक्सिजन कमी पडलाय का? कॅथेटर (लघवीची नळी) अडकून लघवी तुंबली आहे का? ओटीपोटावर हात ठेवला तर दोन सेकंदात कळतं. ताप आहे तर तो औषधाचा, उलटी फुप्फुसात गेल्यानं झालेल्या इन्फेक्शनचा, की पत्र्याखालच्या वॉर्डातल्या उकाड्याचा? मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा हा प्रश्न अजिबात पुस्तकी नसतो. हात बांधले की बडबड थांबत नाही, फक्त कारण शोधायचं राहून जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं पुढं आहे. पेशंट सुधारला, जेवण मागायला लागला, घरचे सुटीचं विचारायला लागले, अशा वेळी, विषबाधेनंतर साधारण २४ ते ९६ तासांत, काहींच्या मानेचे, खांद्यांचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. लाळ नाही, घाम नाही, वरवर सगळं ठीक. ते पकडायची साधी युक्ती म्हणजे दर राउंडला पेशंटला सांगायचं, भाऊ, डोकं उशीवरून उचला बरं. डोकं उचलून धरता आलं तर ठीक, सकाळी उचलत होता आणि संध्याकाळी नुसती हनुवटी हलते तर धोक्याची घंटा आहे. यासाठी मशीन लागत नाही, खर्च नाही, फक्त तिसऱ्या दिवशीही ‘बरा झालाय’ असं न मानता त्याच्या उशाशी जावं लागतं.

असं दिसलं तर फोनवर काय बोलायचं तेही शिकायची गोष्ट आहे. ‘सर, पेशंट बरोबर वाटत नाही’ यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. त्याऐवजी: ‘सर, बेड १२, फवारणीचा पेशंट, तिसरा दिवस. सकाळपर्यंत मान उचलत होता, आता उचलता येत नाही, श्वास २८ झालाय आणि एका दमात वाक्य पूर्ण होत नाही. मला इंटरमीडिएट सिंड्रोमची शंका आहे, तुम्ही लगेच या, तोवर मी ऑक्सिजन लावते आणि अॅम्बू बॅग, इंट्युबेशनचा ट्रे बेडजवळ आणून ठेवते.’ (अॅम्बू बॅग म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, इंट्युबेशन म्हणजे श्वासनलिकेत नळी घालणं.) काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, काय पाहिजे, या क्रमाला एसबीएआर (सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन) म्हणतात. ‘मला शंका आहे’ म्हणायचा सिस्टरला पूर्ण हक्क आहे, हे नवीन पोरींना स्पष्ट सांगायला पाहिजे कारण बऱ्याच जणी तिथंच अडखळतात.

पोटात दुखतंय म्हणून आलेला

उन्हाळ्यात-पावसाळ्यात शेतात किंवा अंगणात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, येतो, उलटी झालेली, चावल्याची खूण कुठंच नाही. अॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन झोपवायचा मोह होतो. पण कुठं झोपला होता हा प्रश्न विचारला, आणि वर बघायला सांगून पापण्या जड झाल्यात का, आवाज बोबडा येतोय का, थुंकी गिळता येते का हे बघितलं, तर मण्यारीचा दंश वेळेत लक्षात येऊ शकतो. तिचे दात इतके बारीक की खूण बहुतेक दिसतच नाही आणि दंश फारसा दुखतही नाही. रक्त गोठण्याची २० मिनिटांची तपासणी करतात, ती स्वच्छ कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये, न हलवता. त्यात रक्त पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरशाकडं बोट जातं. पण रक्त नीट गोठलं म्हणून साप चावलाच नाही असं मात्र होत नाही, मण्यार आणि नाग मज्जासंस्थेवर काम करतात, त्यांच्यात ही तपासणी नॉर्मल येते.

कुपोषित लेकरू

सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, नंदुरबारच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत अशी लेकरं असतात. त्यांच्यात चिमटा घेऊन कातडी सावकाश खाली जाते का या परीक्षेवर भरवसा ठेवता येत नाही, कारण चरबीच नसल्यानं कातडी तशीही सावकाशच जाते, म्हणून शॉक नसेल तर शिरेतून सलाईन टाळतात, पटपट सोडलेलं सलाईन हृदयाला झेपत नाही. अंग थंड पडणं आणि रक्तातली साखर ५४ मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली जाणं या दोन्ही गोष्टी बहुतेक रात्रीच्या वेळी होतात, म्हणून सुरुवातीला दर दोन तासांचं दूध रात्रीही चुकवायचं नसतं. लेकरू शांत झोपलंय, उठवू नका, असं माय म्हणते तेव्हा तिला समजावून उठवावं लागतं.

अनुभव, अंदाज आणि मनुष्यबळ

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्स नवशिकी ते तज्ज्ञ अशी कशी वाढत जाते ते मांडलं, ख्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि नंतर त्यावर परत विचार करणं असं मॉडेल दिलं. वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या इनचार्ज सिस्टरला दारातूनच कळतं की चार नंबर बेडचा पेशंट बिघडतोय. तो अंदाज खरा असतो, तरी त्यावर नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन मोजलेच पाहिजेत, नाहीतर एखाद्या दिवशी तोच अंदाज चुकीच्या दिशेला नेतो. नातेवाईकांचं बोलणंही असेसमेंटच आहे. ‘सिस्टर, आज हाऊ रोजना मायक बोलत नही’ (आज हा रोजच्यासारखा बोलत नाही) असं म्हातारी अहिराणीत सांगते तेव्हा तिनं मुलाच्या शुद्धीतला फरक मॉनिटरच्या आधी सांगितलेला असतो.

आता, टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे, आणि प्रत्यक्षात रात्री एका सिस्टरकडं अख्खा वॉर्ड असतो. अशा वेळी प्रत्येकाचा पाच रकान्यांचा प्लॅन लिहिणं शक्यच नाही, ते मागणंही अन्यायाचं आहे. मग ओव्हर (आधीच्या पाळीकडून वॉर्डाचा ताबा) घेतानाच ठरवावं लागतं, आज रात्री कुठले तीन-चार बिघडू शकतात, प्रत्येकात काय बघायचं, किती वाजता. श्वासनलिका, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम इथं कामाला येतो. ओव्हर देणाऱ्या सिस्टरनंही ‘सगळे ठीक’ न म्हणता कुणाचं काय बदललं ते बेडजवळ उभं राहून सांगायला पाहिजे.

सुटी देताना

शेवटचं इव्हॅल्युएशन डिस्चार्जच्या वेळी होतं आणि तेच घाईत उरकतात. सिकल सेलच्या मुलाच्या आईला भरपूर पाणी, फॉलिक अॅसिडची गोळी, थंडीपासून जपणं, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना हे सांगून ‘समजलं का?’ विचारलं तर उत्तर ‘हो’ येतंच, भाषा पावरी किंवा भिलोरी असली तर आणखीच पटकन येतं. म्हणून गावची आशाताई किंवा भाषा येणारं कुणीतरी सोबत घ्यायचं आणि आईलाच विचारायचं, घरी गेल्यावर रात्री ताप आला तर तुम्ही काय कराल, सांगा बरं. तिनं सांगितलं ते बरोबर असेल तर तशी नोंद करायची, नसेल तर परत समजवायचं, आणि उपकेंद्राच्या एएनएमला (गावपातळीवरच्या आरोग्य सेविकेला) कधी भेटायचं ती तारीख कार्डावर लिहून द्यायची.