गावबैठकीतील नवखा (कोकण)

कोकणातल्या गावात सार्वजनिक गोष्टींचा विचार करण्यासाठी जी अनौपचारिक सभा भरते, तिला गावबैठक किंवा नुसते ‘बैठक’ म्हणतात. रायगडाकडे ही सारी व्यवस्था गावकी या नावाने ओळखली जाते. सिंधुदुर्गात ती गावऱ्हाटीत, म्हणजे ग्रामदेवतेच्या मानपानावर उभ्या असलेल्या जुन्या रचनेत मिसळून गेलेली आहे. अशा बैठकीत पहिल्यांदा बसणाऱ्याने कसे वागावे, याचे संकेत कुठे लिहून ठेवलेले नाहीत. ते मोडले तर त्या रात्री कोणी काही बोलत नाही, पण सकाळपर्यंत वाडीभर झालेले असते.

बैठक बहुधा रात्री, जेवणे आटोपल्यावर भरते. जागा म्हणजे देवळाचा सभामंडप, पालखी टेकते ती सहाण, गावाचे देवकार्य होते तो मांड, कुणाचे सारवलेले खळे, नाहीतर शाळेचा व्हरांडा. विषय ठरलेले असतात: शिमग्यात पालखी कोणत्या वाडीत कोणत्या दिवशी न्यायची, जत्रेची वर्गणी किती, पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) पायऱ्या कोणी बसवायच्या, पावसाळा सरल्यावर पऱ्ह्यावर (ओढ्यावर) बंधारा कधी घालायचा, मोकाट गुरांचे आणि वानरांचे काय करायचे. शिमगा, गणपती आणि मे महिना या तीन हंगामांत बैठकांना ऊत येतो, कारण तेव्हा मुंबईकर चाकरमानी गावात असतात.

नवखा कोणाला म्हणायचे हे वयावर ठरत नाही. बदलून आलेले गुरुजी, पुण्याहून येऊन कलमांची बाग घेतलेला माणूस, घरजावई हे तर नवखेच. आंब्याच्या बागांत राखणीला आणि बंदरावर होड्यांवर कामाला असलेले नेपाळी कामगार वर्षानुवर्षे गावात राहूनही बैठकीच्या बाहेरच राहतात. पण गावातच जन्मलेला, तीस वर्षे गिरणीत काढून परतलेला माणूसही बैठकीत नव्यानेच बसत असतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अशी अनेक माणसे गिरणगावातून गावाकडे आली. युनियनच्या सभेत बोलायची सवय असलेल्यांना गावच्या सभामंडपात पुन्हा गप्प बसायला शिकावे लागले, आणि काहींना ते कधीच जमले नाही.

ओळख

नवख्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न नावाचा नसतो. मालवणी मुलखात तो ‘कोणाचो तू?’ असा येतो. याचे उत्तर आजोबांच्या नावाने, घराच्या नावाने किंवा वाडीच्या नावाने द्यायचे असते. शिक्षण, हुद्दा, मुंबईतला पत्ता हे नंतर, विचारले तरच. ज्याला गावात आजोबा नाहीत, त्याने ज्याच्या घरी उतरलो, ज्याच्याकडून जमीन घेतली किंवा ज्याने बोलावले त्याचे नाव सांगावे. बैठकीत एकट्याने जाऊन बसणे असभ्य धरत नाहीत, पण कुणाबरोबर तरी गेले की अर्धे काम होते. सोबत नेणारा माणूस दोन वाक्यांत ओळख करून देतो आणि त्या रात्रीपुरती नवख्याच्या बोलण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते.

या पहिल्या प्रश्नाकडे भाबडेपणाने पाहू नये. त्यात घर विचारतात तशी जातही विचारतात. २० मार्च १९२७ रोजी ज्या महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला, ते याच किनारपट्टीच्या जिल्ह्यात आहे. मांडावर कोणी यायचे, पालखीला खांदा कोणी द्यायचा, हे प्रश्न त्यानंतरही बराच काळ सुटले नाहीत. आजही काही ठिकाणी मानपानाच्या वादात तेच वर येतात. शिष्टाचार म्हणून जे नवख्याला सांगितले जाते त्यातला काही भाग शिष्टाचार असतो, काही भाग नुसती जुनी उतरंड असते. दोन्ही एकाच सुरात सांगितले जातात, म्हणून निवड करणे अवघड जाते.

बसणे आणि बोलणे

चपला बाहेर. मंडपातल्या खांबांजवळच्या जागा मानकऱ्यांच्या असतात. तशी पाटी कुठे नसते, पण ती जागा रिकामी दिसली तरी तिथे बसू नये. नवख्याची जागा कडेला, पायऱ्यांच्या बाजूला. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यापासून थोडा घोळ झाला आहे, पण म्हातारी माणसे खाली जाजमावर बसलेली असताना तरुणाने खुर्ची धरणे अजूनही खटकते. पानाचा डबा फिरत आला तर खात नसलात तरी हात लावून पुढे सरकवावा. चहा आला तर घ्यावा.

पहिल्या काही बैठका ऐकण्याच्या. हा नियम नवख्याला दाबण्यासाठी आहे असे वाटते, पण त्याला व्यवहारी कारण आहे. कोकणातल्या गावात कोणताही विषय फक्त त्या विषयापुरता नसतो. पाखाडी रुंद करायची असे कोणी म्हटले की ती कुणाच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून जाते, त्या गडग्यावरून कोणत्या दोन भावांत दावा चालू आहे, सात-बारावर किती हिस्सेदारांची नावे आहेत आणि हद्दीवरच्या फणसाचा यंदा वाटा कोणी घेतला, हे सगळे न बोलता बैठकीत येऊन बसते. ज्याला हे ठाऊक नाही तो अगदी सरळ सूचना करतो आणि एका घराच्या बाजूचा ठरतो. भाऊबंदकीत कोणाची बाजू न घेणे हा नवख्यासाठी सर्वांत कडक संकेत आहे, आणि गप्प राहिल्याशिवाय तो पाळता येत नाही.

बोलायचे झाले तर आधी विचारावे, मग सांगावे. ‘हे असं का करतात?’ यापेक्षा ‘हे आधीपासून कसं चालत आलंय?’ हा प्रश्न चालतो, कारण त्याचे उत्तर द्यायला म्हाताऱ्यांना आवडते. ‘आमच्या पुण्यात’ किंवा ‘आमच्या सोसायटीत’ अशी सुरुवात करणाऱ्याला कोणी अडवत नाही, पण पुढच्या बैठकीचा निरोप त्याच्यापर्यंत पोचायला उशीर होतो. वडीलधाऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. तात्या, अण्णा, भाऊ, काका, काकी, वयनी असे नाते जोडूनच बोलायचे असते. सरपंच वयाने लहान असली किंवा असला तरी बैठकीत ‘अहो-जाहो’.

नकार ऐकू येणे ही वेगळी कला आहे. तोंडावर ‘नाही’ म्हणणे कोकणी माणूस शक्यतो टाळतो. ‘बघूया’, ‘शिमगा होऊ दे’, ‘मुंबईकरांना विचारून सांगतो’ ही उत्तरे मिळाली की तो विषय तिथे सोडून द्यावा. तारीख मागत बसणाऱ्याला तारीख मिळते, मात्र त्या तारखेला कोणी येत नाही. उलट, ‘तुमका काय कळता त्यातला’ असे कोणी फटकारले तर फार वाईट वाटून घेऊ नये. असे बोलणारा माणूस निदान वाद घालायला तयार असतो.

फिरकी घेणे हा बैठकीचा जीव आहे. नवख्याच्या बोलण्याची, टोपीची, गाडीची, मासे ओळखता न येण्याची खेचली जाते. लगेच टोपणनाव पडते, आणि ते बहुधा आयुष्यभर राहते. चेष्टा सुरू झाली म्हणजे गावाने दखल घेतली असे समजावे. तिच्यावर चिडणाऱ्याचे नवखेपण लांबते. मात्र उलट चेष्टा करण्याचा अधिकार लगेच मिळत नाही. शिमग्याच्या बोंबांतसुद्धा नवख्याने आधी ऐकून घ्यायचे असते.

सुनेची गोष्ट निराळी आहे. गावात सर्वांत जास्त संख्येने येणाऱ्या नवख्या म्हणजे लग्न होऊन आलेल्या मुली, पण बैठकीचे संकेत त्यांना धरून बनलेलेच नाहीत. त्यांचा प्रवेश गौरीच्या सणात, ओवशाच्या (गौरीच्या वाणाच्या) सुपांसह घरोघर फिरताना आणि फुगड्यांच्या रिंगणात होतो. चारचौघांत त्यांचे पहिले बोलणे उखाण्यात असते, म्हणजे नवऱ्याचे नाव गुंफलेल्या तयार ओळींत. पुरुषाला बैठकीत वर्षभर गप्प बसायला सांगणारा गाव सुनेला पहिल्याच दिवशी बोलायला लावतो, फक्त काय बोलायचे ते ठरवून देतो.

हात लावणे

बोलण्याचा अधिकार बराचसा कामातून येतो. घरटी वर्गणी ठरली की ती वेळेवर द्यावी. ज्याला परवडते त्याने दुप्पट देऊन नाव लावून घेण्याची घाई करू नये, कारण त्याने बाकीच्यांची पंचाईत होते. घरटी एक माणूस श्रमदानाला यायचा असेल तर पैसे देऊन मजूर पाठवणे चालते, पण स्वतः गेलेल्याचे वजन वेगळे. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना दोराला हात लावणाऱ्याला थोडी मासळी मिळते. तो कोण, कुठला, हे त्या घटकेला विचारत नाहीत. माणूस गावात सामावायला बैठकीत जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळ तिथे लागतो. बाहेरून आलेल्या शिक्षकांना आणि बँकेच्या लोकांना जाणती माणसे म्हणूनच आधी किनाऱ्यावर किंवा बंधाऱ्यावर घेऊन जातात.

देवासमोर

सिंधुदुर्गात बैठक आणि देवस्की, म्हणजे ग्रामदेवतेची कामे, वेगळी काढता येत नाहीत. महत्त्वाच्या कामाआधी गाऱ्हाणे घातले जाते. एक जण देवाला उद्देशून गावाची मागणी सांगत जातो आणि प्रत्येक टप्प्यावर जमलेले सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. या प्रतिसादात नवख्याने सामील व्हायला हरकत नसते. खरे तर गावात सर्वांबरोबर काढायचा त्याचा पहिला आवाज हाच असतो, आणि त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही. गाऱ्हाणे घालणे मात्र ज्याचा मान त्याचाच.

चर्चेने सुटले नाही तर प्रश्न कौलावर जातो. देवाच्या अंगावर लावलेल्या पाकळ्या किंवा तांदूळ कोणत्या बाजूने पडतात त्यावर उत्तर ठरते. नवख्याने कौल चालू असताना मधे प्रश्न विचारू नये आणि परवानगीशिवाय फोटो काढू नये. कौल मिळाल्यावर तोच विषय पुन्हा काढणे हे बैठकीत मोठ्याने भांडण्यापेक्षाही गैर समजतात. कौल सर्वांना बांधून ठेवतो याची दोन प्रसिद्ध उदाहरणे मालवण तालुक्यातली आहेत. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला लाखो माणसे येतात. तिथीवर न ठरणारी ती तारीख देवीचा कौल घेऊन आंगणे मंडळी ठरवतात, आणि त्यात येणाऱ्या लाखोंना मत नसते. आचऱ्याच्या गावपळणीत काही वर्षांच्या अंतराने सगळा गाव रामेश्वराच्या कौलाने घरेदारे बंद करून गुराढोरांसह वेशीबाहेर राहायला जातो. भाड्याने राहणारे आणि नव्याने घर बांधलेलेही त्यात जातात. श्रद्धा असो नसो, त्या दिवसांत बाहेर पडणे हा शेजारधर्म मानला जातो.

ग्रामसभा आणि बैठक

नव्याने आलेल्या शिकलेल्या माणसांची सर्वांत जास्त गल्लत इथे होते. ग्रामसभा कायद्याने भरते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८चा, आणि १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेचे अधिष्ठान मिळाले. तिथे मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून सारखा. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जी संख्या कमी असेल ती गणपूर्तीला लागते. ठराव लिहिला जातो. तिथे उठून खर्चाचा हिशेब मागणे हा उद्धटपणा नाही, तो हक्क आहे, आणि ‘नवीन आहेस, गप्प बस’ असे कोणी म्हटले तर ऐकू नये. बैठकीला यातले काहीच लागू नाही. घर हे तिथले एकक. ठराव लिहिला जात नाही, सगळ्यांच्या लक्षात राहतो. बैठकीत कायद्याची कलमे वाचणारा आणि ग्रामसभेत मानपानाने तोंड मिटून बसणारा, दोघेही चुकीच्या जागी बरोबर वागतात. प्रत्यक्षात ग्रामसभेचा निर्णय आदल्या रात्री बैठकीत झालेला असतो हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून दोन्हीकडे हजेरी लावावी लागते.

चाकरमान्यांची आणखी एक सभा असते, गावच्या मुंबई मंडळाची. वर्गणीचा मोठा भाग तिथून येतो, त्यामुळे गावातली बैठक कधीकधी मुंबईच्या निरोपासाठी थांबते. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि ये-जा वाढली. २०२०च्या टाळेबंदीत मात्र याच चाकरमान्यांना गावच्या शाळांत विलगीकरणात राहावे लागले. त्यांना केव्हा घरात घ्यायचे यावर बैठकांत जोरदार वाद झाले. आजोबांचे नाव सांगून त्या वेळी भागले नाही.

वाळीत टाकणे

बैठकीच्या एकमुखी निर्णयात मोठी ताकद असते. १९३३ साली अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांविरुद्ध, पुकारलेला आणि नारायण नागू पाटलांनी चालवलेला संप काही वर्षे टिकला, तो गाव एका शब्दावर राहिला म्हणून. खोती पुढे १९४९च्या कायद्याने गेली. तोच एक शब्द एखाद्या घराविरुद्ध फिरला की त्या घराला वाळीत टाकले जाते: लग्नकार्याचे बोलावणे बंद, दुकानात माल नाही, मयताला खांदा नाही. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी मोठ्या प्रमाणात आल्या. सामाजिक बहिष्कार रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१६ साली केलेल्या कायद्यामागे या तक्रारींचा मोठा वाटा होता. कायदा २०१७ मध्ये लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. एखाद्याला समाजाचे धार्मिक विधी किंवा रूढी पाळण्यापासून अडवणे, त्याच्याशी संबंध तोडायला इतरांना भाग पाडणे, हेही बहिष्कारातच मोडते. त्यामुळे वर्गणी थकवलेल्या नवख्याशी कोणी एकट्याने अबोला धरला तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. त्याच्याशी कोणीच बोलू नये असे बैठकीत ठरले, तर तो गुन्हा होतो.