पबमध्ये जेवायला जाताना: टेबलावर बसून वाट पाहू नका

आमच्या इंग्लंड सहलीत दोन जेवणं पबमध्ये असतात, एक लंडनला आणि एक खेड्यात. निघण्याआधीच्या बैठकीत सगळ्यात जास्त प्रश्न याच दोन जेवणांबद्दल येतात. बैठकीत सगळं सांगून होतं, मंडळी मानही डोलावतात, आणि तिथे पोचल्यावर पुन्हा तीच एक चूक होते. म्हणून हा कागद. विमानात वाचलात तरी चालेल, पण वाचा.

चूक अशी. तुम्ही दार ढकलून आत जाता, शेकोटीजवळचं छान टेबल दिसतं, तिथे कोट काढून बसता, आणि आता कुणीतरी पाण्याचे ग्लास आणि मेनू घेऊन येईल म्हणून वाट बघता. कुणी येत नाही. पारंपरिक इंग्लिश पबमध्ये ऑर्डर घ्यायला माणूस टेबलावर येत नाही, आपण उठून काउंटरवर जायचं असतं. त्या काउंटरलाच बार म्हणतात.

कॉट्सवोल्ड्स या इंग्लंडमधल्या डोंगराळ ग्रामीण भागातल्या एका खेड्यात आमच्याच पाच प्रवाशांवर ही वेळ आली होती. मोकळा वेळ होता, म्हणून ते आपापले एका पबमध्ये गेले. पाऊण तास बसले. बारमागच्या मुलीला वाटलं, ही मंडळी आणखी कुणाची तरी वाट बघताहेत, उगाच घाई कशाला करा. दोन पस्तीसला त्यांच्यातले एक काका उठून विचारायला गेले. किचन अडीचला बंद झालं होतं. ती मुलगी फार ओशाळली, पण स्वयंपाकी घरी गेलेला. पाचही जणांनी बटाट्याच्या वेफर्सची पाकिटं घेतली आणि बस गाठली. त्यातल्या एका काकूंना मधुमेह आहे. तो दिवस मी विसरलेलो नाही.

मग करायचं काय?

आधी टेबल पकडा आणि त्याचा नंबर बघा. तो बहुतेक वेळा टेबलाच्या कोपऱ्यात लाकडावर ठोकलेल्या पितळी चकतीवर असतो, नाहीतर चमच्यांच्या डब्यावर लिहिलेला असतो. एकाने सामानापाशी थांबायचं, दुसऱ्याने बारवर जायचं. मेनू बारवर असतो, आजचे खास पदार्थ भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेले असतात. काय हवं ते सांगायचं, टेबल नंबर सांगायचा, पैसे तिथेच द्यायचे. पेयं आपणच उचलून आणायची. जेवण मात्र टेबलावर येतं.

“जेवायच्या आधीच पैसे कसले मागतात?” असं विचारणारे दरवेळी दोन-तीन जण असतात. यात अविश्वास नाही. तिथली पद्धतच तशी आहे, गावचा सरपंच आला तरी त्यालाही हेच.

बारवर रांग दिसत नाही, सगळे लाकडाला टेकून उभे असतात. पण कोण कुणाच्या आधी आलं हे बारमागच्या माणसाच्या डोक्यात पक्कं असतं आणि गिऱ्हाइकांच्याही. आपण तिथे उभं राहायचं, नजरानजर झाली की पुरे. नोट हलवणं, चुटकी वाजवणं, लांबून हाक मारणं कृपया टाळा. आपल्या आधीचा कुणी राहिला असेल तर “ते माझ्या आधी होते” एवढं सांगा. तिथे याला फार किंमत आहे.

काही पबमध्ये दारातच ‘इथे थांबा, आम्ही बसवतो’ अशी पाटी असते. तिथे टेबलावरच ऑर्डर घेतात. पाटी नसेल तर सरळ बारवर जा.

टिप द्यायची सक्ती नाही. सेवा आवडली तर पैसे देताना “अँड वन फॉर युअरसेल्फ” म्हणायचा जुना रिवाज आहे, म्हणजे एक पेय तुमच्यासाठीही माझ्याकडून.

सव्वाबाराचं टेबल का?

पबमधलं टेबल आम्ही सव्वाबाराचं ठरवतो, ही आमच्याबद्दलची नेहमीची तक्रार. हॉटेलचा नाश्ता दहाला होतो, सव्वाबाराला कुणाला भूक असणार? मान्य आहे. पण खेड्यातल्या पबचं किचन साधारण बारा ते अडीच आणि संध्याकाळी सहा ते नऊ एवढंच चालतं. पब दिवसभर उघडा असतो, म्हणून लोकांना वाटतं जेवणही दिवसभर मिळेल. रविवारी भाजलेल्या मांसाचं मोठं जेवण असतं, संडे रोस्ट. ते दुपारी सुरू होतं आणि संपलं की संपलं, कधी तीनलाच. शिवाय आत एक स्वयंपाकी आणि हाताखाली एक मुलगा, एवढाच पसारा. सोळा जणांची ऑर्डर एकदम गेली तर आपल्यालाही उशीर आणि गावकऱ्यांनाही. म्हणून आम्ही चौघाचौघांना दहा मिनिटांच्या अंतराने बारवर पाठवतो, आणि म्हणूनच आमचा ग्रुप सोळाच्या वर जात नाही. चाळीस जणांची बस नेली असती तर आम्हाला चार पैसे जास्त सुटले असते, पण मग आधी ठरवून ठेवलेलं एकच ताट सगळ्यांसमोर आलं असतं. ते जेवण पुण्यातही मिळतं.

लंडनचं जेवण आम्ही साउथवर्कच्या द जॉर्ज इनमध्ये ठेवतो, लंडन ब्रिज स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. १६७६ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली ही वास्तू आज नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची आहे. घोडागाड्या जिथे येऊन थांबत त्या अंगणावर झुकलेले लाकडी सज्जे लंडनमध्ये आता फक्त इथेच उरलेत. अंगणात उभं राहून आधी वर बघा, मग आत जा.

“बिअर गरम आहे”

गरम नाही, तळघराच्या तापमानाची आहे. एल ही इंग्लंडची पारंपरिक बिअर. ती आपल्याकडच्या लागर बिअरसारखी बर्फगार देत नाहीत, ११ ते १३ अंशांवर देतात. खरी एल गाळून, तापवून, वायू भरून बंद केलेली नसते. पिंपात भरल्यावरही ती आत आंबतच असते. फार थंड केली तर तिची चवच लागत नाही. १९७० च्या सुमाराला ही पद्धत मोडीत निघायला आली होती. १९७१ मध्ये काही बिअरप्रेमींनी खऱ्या एलसाठी झटणारी कॅमरा ही संस्था काढली आणि ग्राहकांच्या जोरावर ती टिकवली. पिंप एकदा उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं, म्हणून ज्या पबमध्ये गर्दी असते तिथली एल चांगली.

बारवर उभे राहाल तेव्हा हातपंपाकडे नीट बघा. लाकडी किंवा चिनी मातीची लांब मूठ असते. बारमागचा माणूस ती अंगाकडे सावकाश ओढतो, खालच्या तळघरातून एल नळीने वर येते आणि दोन-तीन ओढींत ग्लास भरतो. मुठीपुढे एलच्या नावाची चकती असते. ती उलटी फिरवलेली दिसली तर समजा ती एल संपली आहे किंवा अजून तयार नाही, ती मागू नका. कुठली घ्यावी कळत नसेल तर घोटभर चव मागा, आनंदाने देतात.

पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. आमचा सल्ला, आधी हाफ घ्या. बिटर म्हणजे किंचित कडवट एल. साध्या बिटरमध्ये अल्कोहोल साधारण साडेतीन ते साडेचार टक्के असतं, आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’पेक्षा बरंच कमी. आयपीए हे नाव दिसेल, त्यातला ‘आय’ इंडियाचा. कंपनी सरकारच्या काळात मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी जहाजातून जी फिकट एल यायची, तिचं हे नाव. गाडी भाड्याने घेऊन फिरणाऱ्यांनी मात्र चालकाला थेंबही देऊ नये.

न पिणाऱ्यांनी अजिबात संकोच करू नये. पब म्हणजे आपल्याकडचा पडदे ओढलेला बार नव्हे. आजीबाई विणकाम घेऊन येतात, कुत्री टेबलाखाली झोपलेली असतात, २००७ पासून आत धूम्रपानही बंद आहे. लाइम अँड सोडा, जिंजर बिअर (आल्याचं, सहसा बिनदारूचं पेय), बऱ्याच ठिकाणी चहाही मिळतो. मुलांना जेवायला नेता येतं, पण दारू विकत घ्यायला वय अठरा हवं. तुमची मुलं पंचविशीच्या आतली दिसत असतील तर त्यांचा पासपोर्ट जवळ ठेवा, विचारतातच.

शाकाहारी मंडळींनी हे दोनदा वाचावं

भाजी दिसते म्हणून पदार्थ शाकाहारी असतो असं नाही. ग्रेव्ही बहुधा मांसाच्या रसाची असते. काही ठिकाणी चिप्स, म्हणजे बटाट्याचे जाड काप, गाईच्या चरबीत तळतात. रोस्टबरोबर येणाऱ्या यॉर्कशायर पुडिंगमध्ये (हे गोड नसतं) अंडं असतंच, शिवाय ते चरबीत भाजलेलं असू शकतं. ‘पाय’ म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ, त्याच्या आवरणात सुएट, म्हणजे चरबी, असू शकते. ब्रेड, चीज, लोणचं असं साधं प्लाउमन्स लंच अनेकांना चालतं, पण काही चीजमध्ये दूध विरजण्यासाठी वापरलेलं, वासराच्या पोटातलं रेनेट असतं.

आणि एल! बरीचशी एल पिंपात निवळण्यासाठी आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून होतं. पालघर-वसईच्या कोळ्यांना घोळ माशाच्या ज्या बोताचा मोठा भाव मिळतो, तोच हा अवयव. ते तळाशी बसतं, ग्लासात सहसा येत नाही, पण ज्यांना पटत नाही त्यांनी बारवर ‘व्हीगन एल आहे का’, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच नसलेली, असं विचारावं. शाकाहारी नाही, व्हीगनच म्हणा, म्हणजे गैरसमज होत नाही.

त्या-त्या पबला आम्ही स्वतः फोन करून तेल कुठलं, ग्रेव्ही कुठली, रेनेट कुठलं हे विचारतो आणि प्रत्येकाच्या हातात त्याच्या नावाची चिठ्ठी देतो. हे काम वेळखाऊ आहे, सहलीच्या किमतीत ते धरलेलं आहे, वेगळे पैसे नाहीत.

मुलांकडे स्लाव, हॅरो, मिल्टन कीन्सला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी नुसतं टेबल ठरवून देणं आणि मराठीतला मेनूचा कागद एवढंही आम्ही करतो. पूर्ण सहल घ्यायलाच हवी असं नाही. जैन आणि उपवासवाल्यांनी निघण्याच्या आठ दिवस आधी कळवा. आदल्या दिवशी कळवलं तर स्वयंपाक्याच्या हातात काही उरत नाही आणि आमच्याही.