पेलेट स्टोव्हची घरगुती उभारणी आणि धूरनळी

पेलेट स्टोव्ह म्हणजे लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या बारीक कांड्या जाळून खोली उबदार ठेवणारी, विजेच्या आधाराने चालणारी शेगडी. अमेरिकेच्या ईशान्य आणि वायव्य भागांत, कॅनडात, इटलीत आणि आल्प्सच्या पट्ट्यात ती सर्रास दिसते. ही नोंद मुख्यतः अमेरिकेतील घरांपुरती आहे. तिथे स्टोव्ह निवडताना बहुतेक जण आधी दिवाणखान्यातला कोपरा ठरवतात आणि नळीचा विचार मागाहून करतात. हा क्रम उलटा हवा. धूर घराबाहेर कुठे सोडता येईल हे आधी पक्के केले की कोपरा आपोआप ठरतो.

कांडी साधारण ६ मिलिमीटर जाडीची आणि बोटाच्या पेराएवढी लांब असते. भुसा जबर दाबाने साच्याच्या भोकांतून ढकलला की तापतो, लाकडातले लिग्निन मऊ होते आणि तेच डिंकाचे काम करते. वेगळा गोंद लागत नाही. चांगल्या कांडीत ओलावा दहा टक्क्यांच्या आत असतो आणि राख एक टक्क्याहून कमी. अशी कांडी पाण्यात टाकली तर थोड्याच वेळात फुगते आणि तिचा पुन्हा भुसा होतो. म्हणून पोती तळघराच्या ओलसर फरशीवर थेट ठेवत नाहीत, खाली फळ्या घालतात. अमेरिकेत ४० पौंडांची, म्हणजे सुमारे १८ किलोंची पोती मिळतात आणि अशा ५० पोत्यांचा एक टन धरतात. स्टोव्हची जागा बघताना ही पोती कुठे राहणार आणि रोज कोण उचलणार, हेही तेव्हाच बघावे.

१९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर स्वस्त इंधनाचा शोध सुरू झाला. बोईंगमध्ये काम केलेले अभियंते जेरी व्हिटफील्ड यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात वॉशिंग्टन राज्यात घरगुती पेलेट स्टोव्ह बाजारात आणला. महाराष्ट्राशी या तंत्राचा संबंध चुलीच्या वाटेने येतो. बीपी कंपनी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी विकसित केलेली, पंख्यावर चालणारी ‘ऊर्जा’ चूल शेतातील टाकाऊ मालाच्या कांड्यांवर पेटत असे. पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीने ती चालवली. त्या चुलीला मात्र धूरनळी नव्हती. खोली तापवणाऱ्या स्टोव्हचे सगळे गणित नळीवरच उभे असते.

त्याचे कारण आतल्या रचनेत आहे. वरच्या हॉपरमध्ये, म्हणजे साठवणीच्या पेटीत, ओतलेल्या कांड्या मळसूत्री दांडा थोड्या थोड्या पुढे सरकवतो आणि त्या टणटण आवाज करत जळणाच्या लहानशा वाटीत पडतात. विजेची कांब लाल होते, आधी पांढरट धूर निघतो आणि काही मिनिटांत ज्वाला धरते. एक पंखा आगीतून वायू ओढून नळीत ढकलतो, दुसरा खोलीतली हवा तापलेल्या नळ्यांवरून फिरवतो. पहिल्या पंख्यामुळे आगीच्या कप्प्यात दाब कमी राहतो, त्यामुळे दाराच्या फटीतून धूर बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. पंख्याच्या पुढे मात्र चित्र उलटते. नळीत दाब खोलीपेक्षा जास्त असतो, आणि नळीच्या प्रत्येक सैल सांध्यातून धूर व कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. साध्या लाकडी शेगडीचे धुराडे स्वतःच्या ओढीने धूर वर नेते, तिथे बारीक फट फारशी बाधत नाही. इथे ती जिवावर बेतू शकते.

म्हणून नळी पेलेटसाठीच प्रमाणित केलेली लागते. बाजारात ती ‘एल’ किंवा ‘पीएल’ प्रकारची म्हणून ओळखतात. आत स्टेनलेस स्टील, बाहेर जस्तलेपित पत्रा आणि मध्ये हवेची पोकळी असा तिचा दुहेरी पदर असतो. सांधे गास्केटने किंवा जास्त उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने बंद करतात. गॅसच्या उपकरणांची ‘बी’ नळी इथे चालत नाही, कारण तिचे अ‍ॅल्युमिनियमचे अस्तर या कामासाठी नसते. कपडे वाळवण्याच्या यंत्राची लवचीक नळी तर कधीच लावू नये. लाकडी भिंतीतून जाताना ‘थिंबल’ नावाची तयार चौकट बसवतात आणि नळीवर छापलेले अंतर, बहुधा १ ते ३ इंच, जळाऊ वस्तूंपासून मोकळे ठेवतात.

नळीचा व्यास ३ इंच की ४ इंच, हे समतुल्य लांबीवरून, म्हणजे वळणांचा अडथळाही धरून काढलेल्या लांबीवरून ठरते. सर्वसाधारण हिशेब असा : आडव्या नळीचा प्रत्येक फूट १, उभ्या नळीचा प्रत्येक फूट अर्धा, ४५ अंशांचा एल्बो (वळणाचा जोड) ३, आणि ९० अंशांचा एल्बो किंवा टी (तीन तोंडांचा जोड) ५. बेरीज १५ च्या पुढे गेली, किंवा घर समुद्रसपाटीपासून साधारण ३,००० फुटांहून उंच असले, की ४ इंची नळी घ्यावी असे अनेक उत्पादक सांगतात. समजा, स्टोव्हच्या मागे टी लावली, नळी आतून ६ फूट वर नेली, एल्बोने वळवली आणि २ फूट आडवी भिंतीपार काढली. ५, ३, ५ आणि २ मिळून नेमके १५ झाले. आता कोणी बाहेर आणखी एक एल्बो लावायला सांगितला तर ३ इंची नळी हातची गेली. अंतिम शब्द अर्थात त्या स्टोव्हच्या पुस्तिकेचा.

बाहेरचे तोंड कुठे यावे याचे नियम अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या ‘एनएफपीए २११’ या मानकात आहेत. उघडणारी खिडकी किंवा दार जवळ असेल तर तोंड त्याच्या ४ फूट खाली, ४ फूट बाजूला किंवा १ फूट वर असावे. पंख्याने हवा आत घेणारी जाळी १० फुटांच्या आत असेल तर तोंड तिच्याहून ३ फूट वर हवे. लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेलगत ७ फूट उंची हवी. बर्फाळ प्रदेशात यात बर्फाचाही हिशेब धरावा लागतो. ऑगस्टमध्ये ऐसपैस वाटणारे तोंड जानेवारीत ढिगाऱ्याखाली गाडले जाते. इटलीत यूएनआय १०६८३ हे मानक धूर छतावर सोडायला लावते. अमेरिकेतली भिंतीतून आडवी काढण्याची सोय तिथे सहसा मिळत नाही.

माझ्या मते अमेरिकेतही नळी निदान ३ ते ५ फूट उभी चढवावी, खर्च थोडा वाढला तरी. वीज गेली की पंखा थांबतो, पण वाटीतल्या कांड्या धुमसत राहतात. उभी नळी असेल तर गरम धूर आपल्या ओढीने वर जातो. निव्वळ आडवी असेल तर तो घरात परतू शकतो. हिमवादळात वीज जाणे ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. स्टोव्ह असलेल्या मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा गजर बसवणे यात कुठलीही तडजोड नको. विजेसाठी अर्थिंग असलेला स्वतंत्र प्लग द्यावा.

जळणासाठी हवा कुठून येणार, हा प्रश्न नव्या, घट्ट बांधलेल्या घरांत कळीचा होतो. स्वयंपाकघरातला मोठा पंखा किंवा कपडे वाळवणारे यंत्र घरातली हवा बाहेर फेकते आणि स्टोव्हला हवा कमी पडते. ज्वाला सुस्त, नारिंगी होते आणि काचेवर काजळी धरते. त्यासाठी बाहेरून थेट हवा आणणारी धातूची नळी जोडतात. फिरत्या घरांत ती सक्तीची आहे, आणि वॉशिंग्टन राज्यातही घन इंधनाच्या उपकरणांना बाहेरची हवा द्यावी लागते.

क्षमता ठरवताना अमेरिकी ऊर्जा खात्याचा ढोबळ ठोकताळा उपयोगी पडतो : १,३०० चौरस फुटांना ताशी सुमारे ४२,००० बीटीयू (उष्णतेचे एकक), २,००० चौरस फुटांना ६०,०००. जुना स्टोव्ह घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या धुराविषयीच्या १९८८ च्या नियमातून जादा हवा ओढणारे स्टोव्ह वगळले गेले होते, त्यामुळे तेव्हाचे कित्येक पेलेट स्टोव्ह प्रमाणपत्राविना विकले गेले. मे २०२० पासून नव्या स्टोव्हना धुरातील कणांची मर्यादा ताशी २ ग्रॅम आहे. उभारणीआधी स्थानिक इमारत कार्यालयाची परवानगी काढावी आणि विमा कंपनीला कळवावे.

कांडीची राख पिठासारखी हलकी असते. ती धुराबरोबर नळीत जाऊन वळणांत आणि टीच्या तळाशी साठते. टीचे झाकण हात पोचेल असे ठेवले तर दर टनामागे ते उघडून ब्रश फिरवणे सोपे जाते. ते भिंतीमागे अडकवले तर कोणी उघडत नाही, आणि मग एखाद्या थंड रात्री पंख्याला ओढ पुरत नाही, दाबाचा स्विच कांड्या सरकवणे बंद करतो आणि घर गार पडते. तोंडाच्या वरची भिंत मधूनमधून बघत जावी. तिथे काळा पट्टा उमटू लागला की ज्वालेला हवा कमी पडते आहे आणि नळी साफ करायची वेळ आली आहे.