ट्रान्सजेंडर ओळख प्रमाणपत्र: अर्ज, कागदपत्रं आणि अडणाऱ्या गोष्टी

आधार, पॅन, बँक, शाळेचा दाखला अशा सगळ्या कागदांवर नाव आणि लिंग बदलायचं असेल तर आधी ओळख प्रमाणपत्र काढा. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याखाली ते जिल्हाधिकारी देतात. पुढची माहिती 2020 च्या नियमांतली आहे. कायद्यात दुरुस्ती झाली की नमुनेही बदलतात, म्हणून भरण्याआधी पोर्टलवरचा चालू नमुना पाहूनच घ्या.

अर्ज केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या नॅशनल पोर्टल फॉर ट्रान्सजेंडर पर्सन्सवर ऑनलाइन भरायचा. नमुना 1 हा अर्ज, तर नमुना 2 लिंगओळखीचं प्रतिज्ञापत्र. ते नोटरी करून स्कॅन करायचं. सोबत फोटो, सही, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा. अठरा वर्षांखालच्यांचा अर्ज पालक करतात. 2020 च्या मूळ नियमांत वैद्यकीय तपासणीची अट नव्हती आणि पूर्ण अर्ज मिळाल्यापासून 30 दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं होतं. 10 जानेवारी 2020 ला कायदा लागू होण्याआधीच लिंगबदलाची सरकारी नोंद झाली असेल, तर अर्जाची गरज नाही.

खरी अडचण येते नावात. अर्जात जन्मनाव आणि हवं असलेलं नाव, दोन्ही विचारतात. दुसरं जसं लिहाल तसंच पुढे सगळीकडे जातं. ‘वैष्णवी’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘एच’ इकडेतिकडे झाला, किंवा प्रतिज्ञापत्रात आडनाव गाळलं, की पुढे आधार आणि पॅन जुळत नाहीत. स्पेलिंग आधीच कागदावर लिहून ठेवा आणि सगळीकडे तेच उतरवा. पत्त्याचंही तसंच: पुरावा गावचा आणि राहणं शहरात असेल, तर आधी आत्ताच्या पत्त्याचा पुरावा तयार करा.

प्रमाणपत्र मिळाल्यावर आधी आधार बदला, मग पॅन आणि बँक. नियमाप्रमाणे संबंधित कार्यालयाने 15 दिवसांत बदल करायचा असतो आणि दस्तऐवजाचा मूळ क्रमांक तोच ठेवायचा असतो. शाळा-कॉलेजं इथे हमखास टोलवाटोलवी करतात. तोंडी विचारत बसू नका. लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या.

शस्त्रक्रियेनंतर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असेल तर कलम 7 खाली वेगळा अर्ज लागतो. त्याला रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचं किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र जोडायचं.

अर्ज फेटाळला तर कारण लेखी घ्या. कळवल्यापासून 90 दिवसांत अपील करता येतं.