बिअर वाळूजची, आंबील येळवसची

छत्रपती संभाजीनगरला हौसेनं ‘बिअरची राजधानी’ म्हणतात. वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीत बिअरचे बडे कारखाने आहेत, ते पाहता नाव काही खोटं नाही. पण त्या बाटलीत मराठवाड्याचं काय असतं? सातू राजस्थान-हरियाणातून येतो, हॉप्सची कडू फुलं बहुतेक परदेशातून आणि यीस्ट कंपनीच्या प्रयोगशाळेतून. आपलं असतं ते पाणी आणि पाळीवर राबणारी माणसं.

कारखान्यांच्या आधी इथं बिअर नव्हती, पण आंबवलेलं पेय होतं. नांदेडकडे, बिलोली-धर्माबादच्या पट्ट्यात शिंदी. थंडीच्या दिवसांत झाडाला खाच पाडून संध्याकाळी मडकं बांधायचं. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, तोच दुपारपर्यंत फसफसून आंबट होतो. यीस्ट आणून घालावं लागत नाही, ते हवेत आणि मडक्याच्या अंगालाच असतं. निजामाच्या राज्यात या झाडांवर अबकारी होती आणि ते सरकारचं मोठं उत्पन्न होतं. म्हणून तर १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात कार्यकर्ते रात्री कुऱ्हाडी घेऊन शिंदीची झाडं पाडायला निघत. सरकारच्या खिशात हात घालायचा तो सोपा मार्ग होता. दारूबंदीचा विचार त्यात होताच, पण घाव बसत होता तो महसुलावर.

बाटलीतल्या बिअरचा इतिहास त्यापुढं अगदी कालचा. ऑस्ट्रेलियाच्या फॉस्टर्सनं औरंगाबादेत कारखाना उभारला तो १९९८ मध्ये. २००६ मध्ये सॅबमिलरनं फॉस्टर्सचा भारतातला धंदा घेतला आणि २०१६ मध्ये खुद्द सॅबमिलर एबी इनबेव्हच्या पोटात गेली. मालक बदलत गेले, जायकवाडीचं पाणी तेच राहिलं. एक लिटर बिअरमागे धुण्या-पुसण्यासकट तीन ते पाच लिटर पाणी लागतं. त्याच २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला प्यायचं पाणी येत होतं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्यानं ६० टक्क्यांपर्यंत कापायला सांगितलं. आमच्याकडे बिअरवर बोलायला बसलं की दहाव्या मिनिटाला गाडी पाण्यावर येते, ती उगाच नाही.

या कारखान्यांतून बाहेर पडते ती मुख्यतः लागर. थंडीत मुरवलेली, गाळून नितळ केलेली, दर बाटलीत तीच चव देणारी. छोट्या प्रमाणावर, चवीचा विचार करून केलेली बिअर महाराष्ट्रात आली ती पुण्यात २००९ मध्ये, डूलाली या छोट्या ब्रुअरीपासून. तिथं मी पहिल्यांदा गव्हाची बिअर प्यालो. गढूळ, वर दाट फेस, वासाला पिकलं केळं आणि लवंग. मला वाटलं, मसाला घातलाय. पण त्यात केळंही नव्हतं आणि लवंगही नव्हती, दोन्ही वास यीस्टचे.

पण चकित व्हायची खरी वेळ आली ती नंतर, ‘गोझं’ नावाची जर्मन बिअर प्यालो तेव्हा. गहू आणि सातूची, ताकासारखी आंबट, त्यात मीठ आणि धने. पहिल्याच घोटाला म्हटलं, अरे, ही तर आंबील! ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबवायचं, शिजवायचं, जिरं-लसूण-मीठ लावायचं. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येला, ती मडक्यातून शेतात जाते आणि भज्जी-उंड्यांबरोबर वाटग्या वाटग्यानं पितात. आंबिलीत नशा नाही, नुसता आंबटपणा आहे. मात्र तो आणणारे जिवाणू गोझंमधल्यांच्याच जातकुळीचे.

मग ज्वारीचीच बिअर का नाही? आफ्रिकेत ती पिढ्यान्‌पिढ्या होते. दक्षिण आफ्रिकेची उमकोंबोथी मका आणि ज्वारीची. झांबिया-झिम्बाब्वेकडची चिबुकू तर साक्यासकट पितात, आधी खोका हलवायचा म्हणून तिचं नावच ‘शेक शेक’. नायजेरियानं १९८८ मध्ये सातूच्या माल्टची, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या सातूची, आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनाही ज्वारीकडे वळावं लागलं.

अडचणी आहेत, पण गंमत म्हणजे त्या आपल्या ओळखीच्या आहेत. पहिली कोंबांची. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ती त्यातल्या सायनाइडमुळे, आणि ते मोडांतही असतं. म्हणून मोड आलेली ज्वारी वाळवून हातानं चोळायची, कोंब आणि मुळ्या सुपात पाखडून टाकायच्या. दुसरी अडचण स्टार्चची. सातूचा स्टार्च साठ-पासष्ट अंशांना सुटतो आणि त्याची साखर करणारी विकरं त्याच तापमानाला जोमात असतात. ज्वारीचा स्टार्च सुटायला सत्तरच्या पुढं जावं लागतं, आणि तिथवर विकरं मरायला लागतात. उपाय असा, की निम्मी ज्वारी कण्यांसारखी आधी शिजवून घ्यायची, निववायची आणि मग त्यात माल्ट मिसळायचं. तिसरी, सातूचं टरफल गाळणीचं काम करतं आणि ज्वारी तर उघडी. म्हणजे पेय गढूळ राहणार. राहू दे.

ज्वारीची दारू म्हटलं की २००७ चं धोरण आठवतं. धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सरकारनं अनुदान देऊ केलं. पावसानं काळी पडलेली खरिपाची ज्वारी तरी कामी येईल, असं तेव्हा सांगितलं गेलं. भाकरीचं धान्य दारूत घालता, म्हणून टीकाही झाली. ती टीका मला पटते. पण मद्यार्काच्या कारखान्याला ज्वारी काय नि मका काय, शेवटी उरतो बिनचवीचा स्पिरिट. छोट्या ब्रुअरीच्या हजार लिटरला साधारण दोन-सव्वादोन क्विंटल धान्य पुरतं, आणि तिथं ज्वारी चवीसाठी असते.

घरी करून बघायची सोय नाही, १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो. म्हणून मी नुसतं माल्ट केलं. दोन किलो ज्वारी रात्रभर भिजवली, ओल्या पोत्यात तीन दिवस ठेवली, गच्चीवर वाळवली आणि चोळून पाखडली. आईनं जन्मभर नाचणीचं सत्त्व केलेलं, तिला यात नवल वाटलं नाही. तिनं त्यातलं मूठभर दळून आंबिलीत घातलं, तर दाट आंबील पळीतून पाण्यासारखी पडायला लागली. विकरांनी स्टार्च तोडला होता. आईनं चाखून बघितलं आणि म्हणाली, “पातळ झाली रे सगळी. पण गोडी उतरलीय.”