विंडोजमधली कुलूपबंद फीचर्स : किल्ल्यांची पार्श्वभूमी

एकाच टेबलावर दोन लॅपटॉप. दोन्हींवर विंडोज ११ची चाचणी आवृत्ती, बिल्ड नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत सारखा. तरी एकाच्या फाइल एक्सप्लोररला वर टॅब आहेत, दुसऱ्याला नाहीत. २०२२ साली इन्सायडर बिल्ड, म्हणजे सगळ्यांना मिळण्याआधीच्या चाचणी आवृत्त्या, वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नव्हता. अपडेट अर्धवट राहिलं असेल असं आधी वाटायचं, पण तसं नसायचं. टॅबचा कोड दोन्ही मशीनवर पोचलेला असायचा, एकीकडे फक्त कुलूप घातलेलं असायचं. मग कुणीतरी ३७६३४३८५ हा आकडा सांगायचं. तो एका छोट्या टूलला द्यायचा, मशीन रीस्टार्ट करायचं, की टॅब हजर.

या कुलपाची गोष्ट सुरू होते ती मायक्रोसॉफ्टच्या एका फजितीपासून. ऑक्टोबर २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या डेव्हलपर परिषदेत कंपनीने 'लाँगहॉर्न' या येऊ घातलेल्या विंडोजचा मोठा गाजावाजा केला. नवं रूप, फायली साठवण्याची विनएफएस ही नवी पद्धत, आणखी बरंच काही. ऑगस्ट २००४ मध्ये मात्र बरंचसं काम बाजूला ठेवून सर्व्हर २००३च्या कोडवरून पुन्हा सुरुवात करावी लागली. विनएफएस गळालं. उरलं ते जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा म्हणून सामान्य ग्राहकांच्या हाती आलं. त्यानंतर विंडोजची सूत्रं स्टीव्हन सिनोफ्स्की यांच्याकडे गेली आणि कारभाराची रीतच बदलली. पक्कं झाल्याशिवाय बोलायचं नाही, दाखवायचं तर त्याहून नाही.

ही गुप्तता किती बारकाईने पाळली जात होती, ते २००८च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. विंडोज ७च्या पहिल्या जाहीर दर्शनाला आलेल्या डेव्हलपर मंडळींना ६८०१ हे बिल्ड वाटलं गेलं. मंचावर नवा, जाड टास्कबार दाखवला होता. घरी नेलेल्या डिस्कमध्ये मात्र जवळपास व्हिस्टाचाच टास्कबार निघाला. राफाएल रिव्हेरा या तंत्रज्ञाने कोड उलगडून पाहिला तर नवा टास्कबार आतच होता, बराचसा तयार. फक्त तो उघडण्याआधी विंडोज दोन गोष्टी तपासत होतं. हे मशीन मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत नेटवर्क डोमेनमध्ये आहे का, आणि लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाला 'व्ही-' किंवा 'ए-' असा उपसर्ग तर नाही ना? हे उपसर्ग कंत्राटी आणि बाहेरच्या माणसांचे. म्हणजे कंपनीच्याच इमारतीत रोज येणाऱ्या कंत्राटी माणसालाही नवा टास्कबार दिसू नये, एवढी काळजी! रिव्हेरांनी ही तपासणी बाद करणारं टूल लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'ब्लू बॅज'. मायक्रोसॉफ्टच्या कायम कर्मचाऱ्याच्या गळ्यात निळं ओळखपत्र असतं, त्यावरून. नाव ठेवण्यातला खवचटपणा मला तरी टूलइतकाच आवडतो.

विंडोज ८च्या वेळी कुलपालाच नाव पडलं, 'रेडपिल'. 'द मेट्रिक्स' सिनेमातल्यासारखं, लाल गोळी घेतलेल्यालाच खरं रूप दिसणार. सप्टेंबर २०११ मध्ये डेव्हलपर प्रीव्ह्यू सगळ्यांसाठी खुला झाला तेव्हा या कुलपाची एक खूण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, शिल्लक होती, 'आरपीएनेबल्ड' नावाची. तिची किंमत १ची ० केली की मेट्रो या नव्या रूपाच्या चौकोनी फरशा जायच्या आणि जुना स्टार्ट मेनू परत यायचा. गंमत अशी की नवं उघडण्यासाठी घडलेली किल्ली लोकांनी जुनं परत आणायला वापरली. पुढच्याच प्रीव्ह्यूत ती वाट बुजवली गेली.

ऑक्टोबर २०१४ पासून इन्सायडर योजना आली आणि कुलपाचं प्रयोजनच पालटलं. आता लपवायचं कमी, मोजायचं जास्त. एखादी सोय आधी थोड्यांना द्यायची, त्यांची मशीनं अडखळतात का पाहायचं, मग इतरांना. बिघडलं तर नवं अपडेट न पाठवता नुसतं बटण बंद. डिसेंबर २०१७ मध्ये 'सेट्स' ही प्रत्येक खिडकीला टॅब देणारी कल्पना अशीच काही निवडक इन्सायडरना दिली गेली. जून २०१८ अखेरीस ती काढून घेतली, ती पुन्हा आलीच नाही. फाइल एक्सप्लोररला टॅब मिळायला ऑक्टोबर २०२२ उजाडला.

मायक्रोसॉफ्टच्या आत या यंत्रणेला 'व्हेलॉसिटी', म्हणजे वेग, म्हणतात. प्रत्येक फीचरला एक क्रमांक आणि तीन स्थिती : ० म्हणजे ठरलेलं तसं, १ बंद, २ चालू. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरने काहीही ठरवलेलं असो, वापरणाऱ्याने स्वतः लावलेली स्थिती त्याच्या वरचढ ठरते. सगळी खटपट याच फटीतून चालते. क्रमांक शोधायचे कसे? डीबगिंगच्या सोयीसाठी मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या सिम्बॉल फायली, म्हणजे कोडमधल्या नावांच्या याद्या, स्वतःच उघड ठेवते आणि त्यांत फीचरांची नावं असतात. रिव्हेरांचं 'मॅक२' त्याच फायली चाळायचं. माक म्हणा की मॅक, नाव वेगाच्या मापावरून घेतलेलं, कारण कुलपाचं नावच वेग. त्यानंतरचं 'व्हिव्हटूल' १८९६३ आणि पुढच्या बिल्डवर चालतं आणि आज बहुतेक जण तेच वापरतात.

अर्थात, कुलूप काही वेळा रास्त कारणानेच असतं. अर्धवट फीचर चालू केलं आणि एक्सप्लोरर पुनःपुन्हा कोसळू लागला, तर तोच क्रमांक 'रीसेट'सह पुन्हा द्यावा लागतो. क्रमांक कुठेतरी लिहून ठेवलेला असला तर बरं. रोजच्या कामाच्या मशीनवर मी हे करत नाही.

पुढे कंपनीने हीच युक्ती उघडपणे वापरली. नोव्हेंबर २०१९ची १९०९ ही विंडोज १०ची आवृत्ती १९०३ वापरणाऱ्यांच्या मशीनवर मासिक अपडेटमधून आधीच येऊन निजलेली होती. वरून आलेल्या छोट्याशा पॅकेजने तिला फक्त जागं केलं.

आणि ऑगस्ट २०२३ मध्ये इन्सायडरांच्या एका बग-शोध मोहिमेत, एका कामगिरीच्या सूचनांसोबत, 'स्टेजिंगटूल' नावाची फाइल डाउनलोडला लावलेली सापडली. मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरांचं, फीचरं चालू-बंद करायचं अंतर्गत टूल. चुकून बाहेर आलेलं. थोड्याच वेळात ती कामगिरी काढून टाकली गेली, पण तोवर अनेकांनी फाइल उतरवून घेतली होती आणि चालवूनही पाहिली होती. काम तेच निघालं, जे व्हिव्हटूल आधीपासून करत होतं.