एनएसएस आलं कुठून, आणि त्यात जायचं कशाला

कॉलेज सुरू झालं की नोटीस बोर्डावर एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, नावनोंदणीचा कागद लागतो आणि घरी लगेच प्रश्न येतो, त्याचा फायदा काय? मुंबई विद्यापीठात १० ग्रेस मार्क मिळतात हे पोरांना पाठ असतं, सर्टिफिकेटचंही माहीत असतं, पण ही योजना मुळात कशासाठी काढली ते फारसं कुणी सांगत नाही. ते कळलं की फायद्याचं गणित वेगळंच दिसतं.

शिकलेल्या पोराचा खेड्याशी संबंध तुटतोय ही काळजी गांधीजींपासूनची आहे, सुट्टीत गावात जा, लोकांत काम करा असं ते विद्यार्थ्यांना सांगायचेच. स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यार्थ्यांनी राष्ट्रसेवा करावी पण स्वेच्छेने करावी असं सुचवलं. पुढे १९५८ मध्ये पंडित नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, पदवी देण्याआधी समाजसेवा आवश्यकच का करू नये, असा विचार त्यात होता.

आणि इथे आपला माणूस येतो. १९५९ मध्ये यावर समिती नेमली तिचे अध्यक्ष चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रीपद सोडलेले, आणि तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. समितीने सांगितलं की शाळा संपवून पुढे जाणाऱ्या प्रत्येकाने ९ महिने ते १ वर्ष राष्ट्रसेवा करायची, सक्तीने. पण एवढ्या पोरांच्या राहण्याजेवणाचा खर्च कोण करणार, व्यवस्था कोण बघणार, त्यामुळे ते कागदावरच राहिलं. देशमुखांबद्दल मला मनापासून आदर आहे तरी ती सक्ती आली नाही हे बरंच झालं असं मला वाटतं.

कारण सक्तीचा अनुभव पुढे आलाच. १९६२ च्या चीन युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी, म्हणजे विद्यार्थ्यांचं लष्करी प्रशिक्षण, सक्तीची केली, आणि पाचच वर्षांत, १९६८ ला, ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. मधल्या काळात शिक्षणावरच्या कोठारी आयोगानेही शिक्षणाला समाजसेवेची जोड द्या म्हटलं होतं. एप्रिल १९६७ मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद झाली तिथे ठरलं की एनसीसी ज्याला हवी त्याने घ्यावी आणि दुसरा पर्याय म्हणून राष्ट्रीय सेवा योजना काढावी. मग गांधी जन्मशताब्दीचं वर्ष आलं आणि २४ सप्टेंबर १९६९ ला शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ती सुरू केली, ४० हजार विद्यार्थी घेऊन. आज स्वयंसेवक लाखांच्या घरात आहेत.

नियम साधेच, वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४०, आणि दत्तक गावात, म्हणजे कॉलेजने कामासाठी निवडलेल्या गावात, ७ दिवसांचं निवासी शिबिर. बॅजवर कोणार्कच्या रथाचं चाक आहे, त्याचे ८ आरे म्हणजे दिवसरात्रीचे ८ प्रहर, कधीही हाक मारा मी तयार आहे असा त्याचा अर्थ.

खरी मजा शिबिरातच कळते. आमच्या शिबिरात वनराई बंधारा घातला होता, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात वाळू-माती भरायची, दाभण आणि सुतळीने तोंड शिवायचं आणि साखळी करून हातोहात ओढ्यापर्यंत पोचवायच्या. कुणाच्या हाताला फोड आले, कुणाला गोणी कशी धरायची तेच माहीत नव्हतं, पण चौथ्या दिवशी ओढ्याचं पाणी अडून मागे पसरायला लागलं तेव्हा काठावर जी शांतता झाली ना, ती मला अजून आठवते. दुपारी सर्व्हे असायचा. पहिल्या दिवशी मी फॉर्म पुढे धरून एका आजींना धडाधड प्रश्न विचारले, त्या काही बोलल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी फॉर्म पिशवीत ठेवून ओट्यावर नुसता बसलो, तर त्यांनी स्वतःहून सगळं सांगितलं, पाणी किती लांबून आणतात, सून माहेरी का गेलीय, सगळं. माणसाशी कसं बोलायचं हे मला कुठल्या तासाला शिकवलं नव्हतं आणि आज नोकरीत रोज तेच लागतं.

पन्नास जणांच्या जेवणाचा हिशोब ठेवणं, वर्गात कधीही न बोलणाऱ्या मुलीने गावकऱ्यांसमोर पथनाट्यात उभं राहणं, भांडण झालेल्या दोन गटांना सकाळी पुन्हा एकाच खड्ड्यावर कामाला लावणं, हे सगळं तिथे होतं, आणि होतं कारण पोरं आपणहून आलेली असतात. फक्त मार्कांसाठी आलेला पोरगाही तिसऱ्या दिवशी कुदळ मागून घेतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तर यंदा कागद लागला की कार्यक्रम अधिकारी सरांना नाहीतर मॅडमना गाठा, आणि मार्कांचं विचारण्याआधी दत्तक गाव कुठलं आहे ते विचारा.